आगाऊ सुतक

बैल म्हातारा झाला की त्याच्याशी कसं वागायचं, हे आमच्या चितेगावात कोणालाही विचारा. औताला जुंपायचं नाही, कडबा बारीक कुट्टी करून घालायचा, पोळ्याला झूल घालून पुरणपोळी भरवायची. तो गेला की शेतातच खड्डा घेतात, आणि त्या दिवशी घरचा कर्ता माणूस चार लोकांत हमसून रडला तरी त्याला कोणी हसत नाही. गाईला वसुबारस आहे. नागालासुद्धा पंचमी आहे, आणि त्याने उंदीर खाण्यापलीकडे कोणाच्या घराची राखण केल्याचं ऐकिवात नाही. रात्ररात्र जागून राखण करणाऱ्या कुत्र्याच्या वाट्याला मात्र आमच्या पंचांगात एकही दिवस नाही. नेपाळात आहे. तिथे दिवाळीतल्या तिहारच्या दुसऱ्या दिवशी कुकुर तिहार असतो; गल्लीतल्या बेवारस कुत्र्यांच्याही कपाळाला टिळा आणि गळ्यात झेंडूची माळ. आमच्याकडची कुत्री त्या सुमारास फटाक्यांना भिऊन पलंगाखाली असतात.

दिवस नाही म्हणजे रिवाज नाही, आणि रिवाज नाही म्हणजे कुत्रं म्हातारं झालं की घरच्यांनी काय करावं, काय म्हणावं, किती हळहळावं, याचं मापच नाही. म्हणींत शोधायला जावं तर तिथे कुत्र्याला शेपटापलीकडे किंमत नाही. मग माझ्यासारख्या, जन्मभर फळ्यावर गणितं सोडवलेल्या निवृत्त मास्तराने आपल्या दारचं कुत्रं उठताना कण्हलं की डोळ्यांत पाणी आणावं का, आणि आणलंच तर ते मागच्या अंगणात जाऊन आणावं का, हे ज्याचं त्यानेच ठरवायचं असतं.

आमच्या कुत्र्याचं नाव अँटेना. तो आमच्याकडे आला २०११ च्या पावसाळ्यात. तेव्हा पैठण रोडवरचा व्हिडिओकॉनचा कारखाना सुरू होता आणि ‘चितेगाव म्हणजे कोणतं?’ असं कोणी विचारलं की ‘टीव्हीचं’ एवढं सांगून भागायचं. शिफ्ट सुटायच्या वेळी रस्त्याला वडापावच्या गाड्या लागत. त्यांच्या चाकांखाली राहणारं एक पिवळट पिल्लू एका संध्याकाळी माझ्या सायकलमागे घरापर्यंत आलं. त्याचा उजवा कान ताठ उभा आणि डावा पार आडवा पडलेला. टीव्हीच्या गावात त्याला दुसरं काय नाव पडणार! माझ्या लेकीने ते ठेवलं आणि तासाभरात गल्लीने पक्कं केलं. आई मात्र त्याला ‘अंट्या’ म्हणते, आणि रागात असली की ‘तुझं ते’.

पुढे २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. शिफ्टच्या बस बंद झाल्या, गाड्या पांगल्या. अँटेनाच्या अंगातलं घड्याळ मात्र कोणी बंद केलं नाही. अजूनही संध्याकाळी ठरल्या वेळी तो उठतो, चारी पायांची एकेक करून समजूत काढतो, आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसतो. बघणाऱ्याला गहिवरून येतं. पुण्याहून आलेल्या लेकीच्या मैत्रिणीने तर त्याला आपला हाचिकोच करून टाकलं. टोकियोच्या शिबुया स्टेशनवर मेलेल्या मालकाची जवळजवळ १० वर्षं वाट पाहणारा तो कुत्रा जगाला माहीत आहे. पण १९३५ साली हाचिको मेला, तेव्हा त्याच्या पोटात कोंबडीचे तुकडे ओवून भाजायच्या काड्या सापडल्या होत्या, हे फार लोक सांगत नाहीत. स्टेशनबाहेर टपऱ्या होत्या. त्याने त्याची निष्ठा कमी होते असं मला वाटत नाही. प्रेम आणि वडापाव यांत निवड करायची वेळ कुत्र्यावर कधी येतच नाही. ती माणसांची अडचण.

तर हा अँटेना आता १४ वर्षांचा आहे. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा पाढा सगळ्यांना पाठ असतो. त्या हिशेबाने तो ९८ वर्षांचा. हे मी घरात जाहीर केलं आणि आई उखडली. ती ८६ वर्षांची आहे.

‘‘म्हंजे हे माझ्याहून थोरलं? आता काय पाया पडू त्याच्या?’’

घरातल्या ज्येष्ठतेचा प्रश्न असा चिघळू देणं बरं नव्हतं, म्हणून मी जरा खोलात गेलो. सातचा पाढा तसाही कच्चाच आहे. वर्षाच्या कुत्रीला पिल्लं होऊ शकतात, सात वर्षांच्या मुलीला नाही, एवढ्यावरूनच तो मोडतो. २०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोमधल्या संशोधकांनी १०४ कुत्र्यांच्या, बहुतेक लॅब्राडॉरच्या, डीएनएवर वयानुसार बदलत जाणाऱ्या रासायनिक खुणा माणसांच्या खुणांशी ताडून पाहिल्या आणि एक सूत्र मांडलं. कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा, त्याला १६ ने गुणायचं आणि ३१ मिळवायचे. नोकरीभर पोरं मला विचारत आली, ‘सर, हे लॉगॅरिदम पुढे कुठे लागतं?’ उत्तर सापडलं तेव्हा समोर वर्ग नव्हता, कोपऱ्यात झोपलेलं एक कुत्रं होतं.

मी वर्तमानपत्राच्या कडेला गणित मांडलं. १४ वर्षांचा अँटेना माणसाच्या हिशेबात साधारण ७३. म्हणजे आईच्या धाकट्या भावाएवढा. आईचं समाधान झालं. धाकट्या भावांना दटावायचा तिचा अधिकार जुना आहे. माझं मात्र त्या कागदावरून लक्ष उठेना. त्या सूत्रात एक वर्षाचा कुत्रा ३१ वर्षांचा निघतो, लॉगॅरिदम शून्य असतो ना. ३१ व्या वर्षी मी बदलीसाठी पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवत होतो. त्या वयात हा माझ्या चपला खात होता. आणि नवव्या वर्षी तो ६६ चा होतो. मी आज ६६ चा आहे. म्हणजे ज्याला लेकरू म्हणून घरात घेतलं, तो मधल्या कुठल्यातरी साध्यासुध्या दिवशी, बहुधा मी पेपर वाचत असताना, माझ्या वयाला येऊन पुढे निघून गेला. लॅब्राडॉरचं सूत्र आमच्या गावरान कुत्र्याला नीट लागू पडत नसेल, हेही मी स्वतःला समजावून सांगितलं. गणिताच्या मास्तराला जेव्हा उत्तर आवडत नाही, तेव्हा तो गृहीतकांकडे बोट दाखवतो.

म्हातारपणाची पहिली बातमी आम्हाला फरशीने दिली. आम्ही शहाबादी काढून चकचकीत टाइल्स बसवल्या, आणि अँटेनाचे मागचे पाय त्यांच्यावरून फाकू लागले. लेकीने पुण्याहून योगा मॅट पाठवली. आमची ही म्हणाली, त्यापेक्षा माझी चवाळी बरी. शेवटी ओसरीपासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत चवाळं, गोणपाट, जुन्या साड्यांची गोधडी, योगा मॅट असा पट्टा अंथरला गेला. पाहुणे आले की त्याच्यावर पाय न पडू देता कडेकडेने चालतात. घरातला एकमेव न घसरणारा रस्ता कुत्र्याच्या नावावर आहे.

मग डोळे. बुबुळांत निळसर धुकं दिसू लागलं आणि मी मोतीबिंदू धरून बसलो. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि हसले. म्हणाले, हा मोतीबिंदू नव्हे. वयाने डोळ्यातलं भिंग घट्ट होतं, त्याची ही झाक. माणसाला चाळिशीत वाचायला चष्मा लागतो तोही भिंग असंच कडक झाल्यामुळे. याला वाचायचं नसल्याने फारसं बिघडत नाही. सांध्यांसाठी त्यांनी जनावरांची गोळी दिली आणि बजावलं, तुमच्या घरातल्या डब्यातली अंगदुखीची गोळी अर्धी मोडूनसुद्धा द्यायची नाही. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल यांनी कुत्र्यांचं पोट, मूत्रपिंड, यकृत जातं, आणि गावाकडे बहुतेक वेळा हे मायेपोटीच होतं. जाताजाता त्यांनी गिधाडांचं सांगितलं. ढोरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या ढोरांतून गिधाडांच्या पोटात गेलं आणि गिधाडं संपत आली. २००६ साली ते जनावरांसाठी बंद करावं लागलं. लहानपणी आमच्या शिवारात ढोर पडलं की आभाळ गिधाडांनी भरायचं. औषधाची चिठ्ठी खिशात घालताना मला उगाच ते आभाळ आठवलं.

कान गेले ते आम्हाला उशिरा कळलं, कारण अँटेना आधीही हाकेला येत नसेच. कळलं ते पाण्याच्या पाइपांमुळे. जायकवाडीहून शहराला पाणी नेणाऱ्या नव्या योजनेचे अडीच मीटर व्यासाचे पाइप काही काळ पैठण रोडच्या कडेला पडून होते. उन्हाळ्यात गावातल्या कुत्र्यांनी त्यांत वसाहत केली. सावली, वारा, आणि दोन्हीकडून दार. अँटेनाही दुपारचा तिकडे जाऊ लागला आणि आतून जोरजोराने भुंकायचा. त्याला आणायला गेलो तेव्हा पाहिलं, की तो एकदा भुंकतो, मग मान तिरकी करून थांबतो. लोखंडात घुमून परत आलेला स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत होता. बाहेर, मोकळ्या हवेत, त्याला तो येत नसावा. त्याच्या तोंडावर एवढं समाधान मी फार दिवसांनी पाहत होतो. पुढे पाइप चरात गेले, वर माती पडली. शहराच्या पाण्याबद्दल लोक काय म्हणायचं ते म्हणोत. मला त्या योजनेत उशीर झाल्याचं वाईट वाटलं नाही.

अलीकडे त्याचं डोकंही थोडं वाट चुकतं. दार ज्या बाजूने उघडतं ती सोडून बिजागरीच्या बाजूला उभा राहतो आणि ‘उघडा की’ अशा नजरेने बघतो. रात्री तीनला उठून देवघराच्या भिंतीवर भुंकतो. डॉक्टर म्हणतात, माणसांना स्मृतिभ्रंश होतो तसं कुत्र्यांनाही होतं. खाटा-खुर्च्यांच्या जागा बदलू नका, जेवणाची वेळ बदलू नका, चिडू नका. पहिल्या दोन गोष्टी सोप्या आहेत.

आणि शेजारच्या गल्लीतलं ते काळं कुत्रं. अँटेनाच्या भरात त्याच्या बापाची आमच्या गल्लीत पाय ठेवायची छाती नव्हती. आता ते सरळ अंगणात येतं आणि ताटली हुंगतं. अँटेना अशा वेळी निवृत्त मुख्याध्यापकासारखा दुसरीकडे बघतो. दिसलं असतं तर बोललो असतो, असा भाव. मी काठी घेऊन उठलो की हीच मला बसवते. ‘‘त्याचा अपमान त्याला कळला नाही, तर तुम्ही कशाला कळवताय?’’

इथवर जे सांगितलं ते अँटेनाचं दुखणं. आता माझं.

मी रात्री उठून त्याचा श्वास बघायला लागलो. पोट हलतंय का. अंधारात ते दिसत नाही, म्हणून हात लावून. म्हातारं, बहिरं कुत्रं गाढ झोपलेलं असताना अचानक हात लागला की ते दचकतं. दचकून उठतं, मग त्याला बाहेर जायचं असतं, मग ते तीनच्या देवघर-भुंकण्यापर्यंत झोपत नाही. अशा रीतीने तो जिवंत आहे याची खात्री सगळ्या गल्लीला होऊ लागली. एका रात्री ओसरीवरच्या खाटेवरून आईचा आवाज आला, ‘‘काय करायलास रे?’’

‘‘श्वास बघतोय त्याचा.’’

थोडा वेळ काही नाही. मग, ‘‘माझा कधी बघितला नाहीस उठून.’’

यावर कोणत्याही मुलापाशी उत्तर नसतं. मी तिच्या पायांवर पांघरूण ओढलं तर म्हणाली, ‘‘नको, उकडतंय.’’

दिवसाही माझं तेच. तो जेवला की वाटे, अजून किती दिवस जेवेल. उन्हाला पडला की वाटे, पुढच्या हिवाळ्यात ही जागा रिकामी असेल. फोटो काढू लागलो. आणि जिवंत कुत्र्याचे फोटो बघून डोळे टिपू लागलो, तेव्हा ते कुत्रं माझ्या पायाशी बसून माझ्या हातातल्या बिस्किटाकडे बघत असे. मी सुतक धरायला सुरुवात केली होती, तीही आगाऊ. गेल्यावर सुतक दहा दिवसांत फिटतं. आगाऊ धरलेल्याला तेरावाही नसतो.

मानसशास्त्रात याला नाव आहे आणि त्यामागे एक गोष्ट आहे, ती मला फार लागली. बोस्टनमधले मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडेमन यांनी १९४४ मध्ये शोकावर एक निबंध लिहिला. दोन वर्षांपूर्वी तिथल्या कोकोनट ग्रोव्ह नावाच्या नाइट क्लबला भीषण आग लागली होती. त्यात माणसं गमावलेल्यांना त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्याच निबंधात महायुद्धावर गेलेल्या सैनिकांच्या बायकांबद्दल ते लिहितात. आपला माणूस मरणारच, असं धरून या बायका आधीच सगळा शोक करून घेत. एक सैनिक जिवंत परत आला, तर बायकोने घटस्फोट मागितला. तिचं प्रेम खोटं नव्हतं. तिने त्याला रडून, निरोप देऊन, मनातून उठवून टाकलेलं होतं. तो घरी आला तेव्हा घरात त्याची जागाच उरली नव्हती.

अँटेना रोज संध्याकाळी रस्त्यावरून परत येतो. धापा टाकत, दाराच्या चुकीच्या बाजूला उभा राहतो. त्याला आत घ्यायला कोणीतरी घरात असायला हवं, हे लिंडेमनचा निबंध वाचल्यावर माझ्या ध्यानात आलं. हिच्या ते आधीपासूनच होतं. तिने एकदाही ‘किती दिवस’ हा शब्द काढलेला नाही. ती भाकरी कुस्करते. आईला दात नाहीत, अँटेनालाही आता फारसे नाहीत, त्यामुळे एकाच पातेल्यातला दूध-भाकरीचा काला दोघांना होतो, आणि आधी कोणाला वाढला यावरून रोज कुरबुर होते. कुरबुर एकटी आईच करते.

गावाला हे सगळं जरा जास्तच वाटतं, आणि मी गावाला दोष देत नाही. २०१२-१३ च्या, पुन्हा २०१५-१६ च्या दुष्काळात याच मराठवाड्यातल्या लोकांनी पोटच्या पोरागत वाढवलेली जनावरं छावणीच्या दावणीला नेऊन बांधली; टँकरच्या रांगेत माणसं भांडली. त्यांच्यासमोर ‘माझ्या कुत्र्याचे गुडघे दुखतात’ हे वाक्य उच्चारायला जीभ रेटत नाही. पारावर एकाने विचारलंच, ‘‘सर, कुत्र्याला गोळ्या चालू केल्या म्हणे? बीपीची का शुगरची?’’ हशा झाला. मीही हसलो. हसणं संपल्यावर तोच गडी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, ‘‘त्या गोळीचं नाव लिहून देता का? आमचा टिप्या उठंना झालाय.’’ तेव्हापासून माझा असा समज झाला आहे, की गावात कुत्र्यासाठी हळहळणारे पुष्कळ आहेत. फक्त ते एकेकटे, कोपऱ्यात भेटतात.

खरं तर आपल्या इतिहासात कुत्र्यासाठी हळहळण्याची लाज अशी नव्हतीच. रायगडच्या वाघ्यावरून इतके वाद झाले आहेत की त्यात मी पडत नाही. पण साताऱ्याचे थोरले शाहू महाराज घ्या. साताऱ्यात रेसिडेंट राहिलेला ग्रँट डफ १८२६ च्या आपल्या इतिहासात लिहितो, की शिकारीत महाराजांच्या एका लाडक्या कुत्र्याने वाघापासून त्यांचा जीव वाचवला, म्हणून महाराजांनी त्या कुत्र्याच्या नावे जहागिरीची सनद काढली आणि त्याला पालखीचा मान दिला. दरबाराने तो पालखीचा सगळा इतमाम चालवलाही. डफला हा महाराजांच्या उतारवयातला चक्रमपणा वाटला. एकदा तर म्हणे भर दरबारात त्यांनी त्या कुत्र्याला जरीची वस्त्रं घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्या कुत्र्याची समाधी दाखवतात. लोक त्याला खंड्या म्हणतात. १७४९ मध्ये वारलेल्या त्या राजाने उत्तरेकडे दौडणाऱ्या सरदारांचा कारभार सांभाळला, पण जीव वाचवणाऱ्याला पालखी द्यायला त्याला कोणाची लाज वाटली नाही. त्यापुढे आपली योगा मॅट काहीच नाही, असं मी हिला म्हणालो. ती म्हणाली, पालखीला भोई लागतात; तुम्ही एकटेच आहात.

महाभारताचं शेवटून दुसरं पर्व मी आता वेगळ्याच नजरेने वाचतो. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी पडते, सहदेव, नकुल, अर्जुन पडतात, भीमसुद्धा पडतो, आणि युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत चढून जातं ते एक कुत्रं. इंद्राचा रथ येतो, कुत्र्याला आत घेत नाहीत, तर युधिष्ठिर स्वर्ग नाकारतो. तो धर्माचा निर्णय आहेच. पण मला आता प्रश्न पडतो तो साधा: त्या कुत्र्याचे गुडघे कसे होते? एवढा हिमालय चढलं म्हणजे ते तरुणच असणार. कुत्रं होऊन आलेल्या धर्माने म्हाताऱ्या कुत्र्याचं रूप घेतलं असतं, तर युधिष्ठिराला ते उचलून न्यावं लागलं असतं, आणि परीक्षा जास्त कठीण झाली असती.

शेवटचा प्रश्न टाळता येत नाही, म्हणून तोही सांगतो. लेकीने फोनवर विचारलं, ‘‘बाबा, त्याला फार त्रास व्हायला लागला तर इंजेक्शनचं ठरवायचं ना?’’ आई बाजूलाच होती. तिने ऐकलं आणि दिवसभर कोणाशी बोलली नाही. ८६ व्या वर्षी असले प्रश्न फक्त कुत्र्याबद्दल राहत नाहीत, हे आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, ‘‘ज्याचं जेवण चालू आहे त्याला कोणी उठवत नसतं पंगतीतून.’’

डॉक्टरांना मी विचारलं, ती वेळ कळते कशी? ते म्हणाले, कळते. पण तुम्ही अंदाजाने नको, नोंदीने बघा. आणि त्यांनी एक मापन सांगितलं. अमेरिकेतल्या ॲलिस व्हिलालोबॉस या पशुवैद्य बाईंनी २००४ मध्ये ते मांडलं. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले जास्त आहेत का, असे सात विषय. प्रत्येकी दहा गुण. सत्तरपैकी ३५ च्या वर असेल तर जगणं अजून बरं चाललंय, असं समजायचं. गुणपत्रिका म्हटल्यावर माझ्या हातात बळ आलं. मी तपासून अँटेनाला ४१ दिले. हिने तीच उत्तरपत्रिका तपासून ६२ दिले.

‘‘हालचालीत आठ?’’ मी म्हणालो. ‘‘त्याला चालता येत नाही नीट.’’

‘‘काल ओट्यावरची भाकरी पळवली त्याने. ती काय चालत आली त्याच्याकडे?’’

फेरतपासणी आईकडे गेली. तिने सातही विषय बाजूला ठेवले आणि विचारलं, ‘‘शेपूट हलवतंय का?’’ हलवत होता. ‘‘मग पास.’’

तेव्हापासून आमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोजच्या चौकोनात बरोबर किंवा फुली पडते. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, फुल्या सलग दिसू लागल्या की या, आपण बोलू. त्याला घरीच, तुमच्या मांडीवर, न दुखता झोपवता येतं. त्या बोलण्याने मला विचित्र धीर आला. त्या दिवसाचं पुढे काय करायचं ते ठरलेलं आहे, जागाही ठरली आहे, बांधावरच्या लिंबाखाली. ठरल्यामुळे आज तिकडे बघत बसण्याचं कारण उरलं नाही. मी रात्री उठणं बंद केलं आहे. म्हणजे उठतो, पण आता आधी आईकडे बघतो.

इथून ३०-३५ किलोमीटरवर पैठण. काशीहून रामेश्वरासाठी आणलेल्या कावडीतलं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजणाऱ्या नाथांचं गाव. नाथषष्ठीला आमच्या रस्त्याने दिंड्या जातात. गेल्या फाल्गुनात एक दिंडी पाण्याला थांबली, तर अँटेना उठून मधोमध जाऊन बसला; टाळ त्याला ऐकू येत असतील असं नाही, जमिनीतून जाणवत असतील. एका म्हाताऱ्या माळकऱ्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला विचारलं, ‘‘किती वर्सं?’’ मी म्हणालो, ‘‘७३.’’ ‘‘माझ्याएवढंच की,’’ असं म्हणून तो त्याच्याशेजारी टेकला आणि पिशवीतली दशमी अर्धी मोडली. लॉगॅरिदम समजावायची वेळ आली नाही.

तर मंडळी, पैठणला निघालात आणि चहापाण्यासाठी चितेगावात आमच्या गल्लीत वळलात, तर गाडी हळू घ्या. रस्त्यात एक पिवळं कुत्रं बसलेलं असेल, एक कान उभा. हॉर्न वाजवू नका, त्याला ऐकू येत नाही. खाली उतरा, समोरून जा म्हणजे दचकणार नाही, आणि हळूच बाजूला करा. बिस्कीट असेल तर साखरेचं नको.